छप्पर कोणाच्या हाती सोपवावे : वादळी कोकणात कंत्राटदाराची पारख

कोकणातले घराचे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या पावसाला डोळ्यांपुढे ठेवून बांधले गेले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारे पाणी झटपट वाहून जावे म्हणून दिलेला तीव्र उतार, भिंतींवर झड येऊ नये म्हणून पुढे काढलेली वळचण, मुख्य घराला बिलगून उतरत आलेल्या पडव्या आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस फुटकी कौले बदलून छप्पर नीट लावून घेण्याची शाकारणी, ही सारी व्यवस्था प्रामुख्याने पाण्यासाठी होती. अरबी समुद्रात उठणारी चक्रीवादळे बहुधा गुजरातकडे किंवा ओमान-येमेनच्या दिशेने जात असल्यामुळे वाऱ्याची धास्ती या किनाऱ्याला तुलनेने कमी होती. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ने, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ने आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने ही स्थिती बदलली. ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगर-श्रीवर्धनच्या परिसरात थेट जमिनीवर आले आणि त्याने रायगड जिल्ह्याबरोबर दापोली-मंडणगडचा पट्टाही झोडपला. ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर जात १७ मेच्या रात्री गुजरातेत दीवजवळ धडकले, तरी वाटेत गोवा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या हजारो घरांचे नुकसान करून गेले. ‘निसर्ग’नंतर जेमतेम आठवड्याभरात मोसमी पाऊस आला आणि उघड्या पडलेल्या घरांना ताडपत्रीखाली दिवस काढावे लागले. छप्पर पुन्हा उभारताना ते कोणाकडून उभारून घ्यावे, हा प्रश्न तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाचा झाला आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी वारा छपराचे नेमके काय करतो हे समजून घेणे आवश्यक आहे.

वारा छपराला वरून दाबतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात कमी उताराच्या छपराला तो वर ओढतो. वाहती हवा घराला अडली की तिला छपरावरून वळसा घेऊन जावे लागते, त्या वळशात तिचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिचा दाब कमी होतो. परिणामी छपराच्या वर कमी दाब आणि घरात त्याहून अधिक दाब अशी स्थिती निर्माण होऊन छप्पर वरच्या दिशेने खेचले जाते. या ओढीला स्थापत्यशास्त्रात ‘उत्थापन’ म्हणतात. ती सर्वत्र सारखी नसते. आढ्याजवळ, वळचणीच्या कडेला आणि विशेषतः कोपऱ्यांत ती मधल्या भागाच्या दीडपट-दुपटीपर्यंत जाते, म्हणूनच वादळात छप्पर उचकटायला सुरुवात बहुधा कोपऱ्यापासून होते. त्यातच वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार फुटले तर आत शिरलेली हवा छपराला खालूनही ढकलते आणि दोन्ही बले एकाच दिशेने काम करू लागतात. चारही बाजूंनी उघड्या असलेल्या शेडला, उदाहरणार्थ गच्चीवर गळती थांबवण्यासाठी उभारलेल्या पत्र्याच्या मांडवाला, हे संकट पहिल्या झोतापासूनच असते.

या ओढीचे मोजमाप करता येते. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद या एककात घेऊन त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, जो इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयी आहे आणि २०१५ मध्ये सुधारला गेला, हेच सूत्र वापरले आहे. त्यानुसार ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे १७ किलो वजनाइतका दाब देतो, तर ताशी १२० किलोमीटरचा वारा सुमारे ६८ किलोंइतका, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्याच मानकाने मुंबईसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, आणि पणजीसाठी ३९ मीटर प्रतिसेकंद हा मूलभूत वेग धरला आहे. मूलभूत वेग म्हणजे मोकळ्या जागी जमिनीपासून दहा मीटर उंचीवर येणाऱ्या अल्पकालीन झोताचा असा वेग, जो पन्नास वर्षांच्या हिशोबाने गृहीत धरावा. प्रत्यक्ष छपरावर येणारी ओढ त्याच्या आकारावर, उतारावर आणि घराच्या परिसरावर अवलंबून असते. परंतु अंदाजासाठी ६८ किलोंचाच आकडा सरसकट धरला, तरी साठ चौरस मीटरच्या छपराला चार टनांची ओढ बसते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाच किलोंच्या आत असते, म्हणजे त्या संपूर्ण छपराचा पत्रा तीनशे किलोंचाही नसतो. मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोंच्या घरात जाते, त्यामुळे ती पत्र्यापेक्षा अधिक वेळ तग धरतात, आणि सुटली तरी एकेक करून सुटतात. पत्र्याचे छप्पर मात्र सुटले की पर्लिनसकट, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या नळ्यांसकट, कधी कधी कैचीसकट, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यासकट उडते आणि शेजारच्या घरावर जाऊन पडते.

एवढी ओढ पेलण्याचे काम पत्रा स्वतः करीत नाही. तो ती ओढ स्क्रूकडे देतो, स्क्रू पर्लिनकडे, पर्लिन कैचीकडे किंवा वाशाकडे, कैची भिंतीकडे आणि भिंत पायाकडे. ही साखळी जिथे सर्वांत कच्ची असेल तिथे तुटते. वादळात उडालेली छपरे तपासली तर पत्रा मधोमध फाटलेला क्वचित आढळतो. स्क्रू उपटलेले, पत्र्याची भोके ओघळून मोठी झालेली, पर्लिन नुसत्या टाक्यांवर, म्हणजे पूर्ण वेल्डिंगऐवजी दोन ठिपक्यांवर टेकवलेली, किंवा कैची जांभ्याच्या चिऱ्यावर केवळ सिमेंटच्या लिंपणाने बसवलेली, अशीच कारणे अधिक सापडतात. पत्रा कारखान्यात बनतो आणि त्याचा दर्जा छाप पाहून कळू शकतो. जोड मात्र त्या त्या घराच्या माथ्यावर, त्या त्या दिवशी, माणसाच्या हाताने होतात आणि काम पूर्ण झाल्यावर त्यांतले बरेचसे झाकले जातात. म्हणून वादळी प्रदेशात छपराची निवड ही खऱ्या अर्थाने माणसाची निवड असते, आणि त्याची पारख त्याच्या बोलण्यावरून किंवा दरावरून न करता त्याच्या जोडांवरून करावी लागते.

ही पारख पूर्वी गावाने केलेली असे. कौलारू छपराचे काम सुताराचे होते, तो पिढीजात ओळखीचा होता, आणि शाकारणीच्या निमित्ताने दरवर्षी त्याच छपरावर चढत असल्याने आपल्या कामातला दोष त्याला स्वतःलाच निस्तरावा लागे. लाकूड महाग झाले, कौले चढवणारे हात कमी झाले आणि लोखंडी नळ्यांवर रंगीत पत्रा बसवण्याची पद्धत सर्वत्र रुळली, तसे हे काम सुताराकडून फॅब्रिकेटरकडे, म्हणजे ग्रिल, दरवाजे आणि शेड बनवणाऱ्या वेल्डिंगच्या कारागिराकडे गेले. या व्यवसायात अतिशय कुशल माणसे आहेत. परंतु महाराष्ट्रात छप्पर बसवणाऱ्यासाठी विजेच्या कंत्राटदाराला लागतो तसा स्वतंत्र परवाना किंवा परीक्षा नाही. वेल्डिंग यंत्र, कटर आणि दोन मदतनीस असले की कोणीही हे काम घेऊ शकतो. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी होते, पण ती सरकारी निविदांसाठी असते, घरगुती छपराच्या दर्जाची ती ग्वाही नव्हे. त्याचप्रमाणे उद्यम नोंदणी किंवा दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद माणसाचा व्यवसाय आणि ठिकाण कागदावर आहे एवढेच सांगते. जीएसटी क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि तो क्रमांक चालू आहे की रद्द झालेला, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क पाहता येते. छोट्या कारागिराची वार्षिक उलाढाल कायद्याच्या मर्यादेखाली असेल तर त्याच्याकडे हा क्रमांक नसणे गैर नाही; मात्र बिलात जीएसटी आकारून क्रमांक न देणारा माणूस तिथेच बाद ठरवावा.

कागदांपेक्षा मोठा पुरावा किनाऱ्यावर उघडा उभा आहे. २०२० आणि २०२१ च्या वादळांपूर्वी ज्याने छपरे बसवली त्याच्या कामाची परीक्षा वाऱ्याने घेतलेली आहे, आणि त्याचा निकाल गावात फिरून पाहता येतो. कंत्राटदाराकडून त्या काळाआधीच्या चार-पाच घरांची नावे घ्यावीत आणि शक्य तर त्यांपैकी दोन तरी घरे स्वतः जाऊन पाहावीत. एवढ्यावर मात्र निष्कर्ष काढू नये, कारण डोंगराच्या आडोशाला किंवा दाट वस्तीत असलेले छप्पर कच्च्या जोडांसहसुद्धा टिकते आणि समुद्राकडे तोंड करून मोकळ्या जागी असलेले पक्के छप्परही नारळ कोसळल्याने मोडते. झाड पडून झालेल्या नुकसानीत कंत्राटदाराचा दोष नसतो. म्हणून पाहणीला गेल्यावर घर वाऱ्याच्या किती तोंडी आहे, कडेच्या रांगेतले स्क्रू दाट आहेत की मधल्याइतकेच विरळ, वेल्डिंगच्या जागी गंज फुटला आहे काय, पहिल्या दोन पावसाळ्यांत गळती झाली तेव्हा कंत्राटदार फिरकला होता काय, हे विचारावे आणि शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला सर्वांत अधिक वजन द्यावे. ज्याची काही छपरे वादळात गेली, पण ती का गेली हे जो नेमके सांगू शकतो आणि नंतरच्या कामात काय बदलले ते दाखवू शकतो, तो माणूस सरसकट बढाई मारणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा समजावा.

पहिल्याच भेटीतल्या प्रश्नांवरूनही बरेच कळते. चांगला कंत्राटदार दर सांगण्यापूर्वी घरावर चढतो, भिंतीचा माथा पाहतो, वासे टोचून वाळवी लागली आहे की नाही हे तपासतो आणि पश्चिमेकडची बाजू कितपत उघडी आहे ते विचारतो. फोनवरच चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होणारा माणूस त्या घराचा विचार करीतच नसतो. कैची भिंतीला कशाने जखडणार, या प्रश्नावर त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत वजनाने भक्कम असली तरी तिच्या वरच्या थरातले एकदोन चिरे उपटून निघायला फारशी ओढ लागत नाही. म्हणून भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात आधीच बोल्ट पुरणे आणि कैचीचे पाय त्या बोल्टना आवळणे हा खात्रीचा मार्ग आहे. जुन्या घरात असा पट्टा घालणे शक्य नसेल तर वाशाला पोलादी पट्टीने भिंतीच्या खालच्या थरांपर्यंत बांधता येते. गच्चीवरच्या शेडचे खांब स्लॅबवर नुसते उभे न करता पायाशी जाड लोखंडी पाट देऊन तो चार फास्टनरनी स्लॅबला आवळावा लागतो. शेडसाठी नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते काय, हेही आधी विचारून घ्यावे. परवानगीचा विषय टाळणारा कंत्राटदार पुढे नोटीस आली तर मदतीला येणार नाही.

आकाराविषयीही त्याचे काही मत असले पाहिजे. दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंत असलेल्या दुपाखी छपरापेक्षा चारही बाजूंनी उतरणारे चौपाखी छप्पर वाऱ्यात अधिक टिकते आणि वीस ते तीस अंशांच्या दरम्यानचा उतार सर्वांत सोयीचा ठरतो, हे जगभरच्या वादळी किनाऱ्यांवर दिसून आले आहे. वळचणीचा प्रश्न अवघड आहे, कारण पावसासाठी ती लांब हवी आणि वाऱ्यासाठी आखूड. दीड फुटांपेक्षा अधिक पुढे आलेल्या वळचणीला खालून वारा थेट उचलतो, आणि ती आखूड केली तर कोकणातली झड भिंत ओली करते. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे आणि थोडे खालच्या पातळीवर ठेवण्याची जुनी रीत या पेचावरचा उत्तम तोडगा आहे, कारण झड पडवी अडवते आणि वादळात पडवीचे पत्रे उडाले तरी त्यांच्याबरोबर घराचे छप्पर उचकटत नाही. मुख्य छपराचाच पत्रा पडवीवर सलग ओढून जोड वाचवण्याची आजची पद्धत स्वस्त असली, तरी वादळी पट्ट्यात ती स्वीकारू नये.

दरपत्रकाकडे यानंतर वळावे. छपराचा दर चौरस फुटावर किंवा शंभर चौरस फुटांच्या ब्रासवर सांगितला जातो, आणि मोजणी जमिनीवरच्या क्षेत्रफळाची की उताराच्या पत्र्याची, हे न ठरवल्यामुळे होणारे वाद नित्याचे आहेत. पंचवीस अंशांच्या उतारावर पत्र्याचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी आणि तीस अंशांवर सुमारे पंधरा टक्क्यांनी अधिक भरते, पत्र्यावर पत्रा चढवण्याचा भाग त्याहून वेगळा. त्यामुळे दोन दरपत्रकांची तुलना केवळ दरावर करता येत नाही. पत्र्याची जाडी लिहिताना ती रंग आणि लेप धरून एकूण जाडी आहे की आतल्या मूळ पोलादाची, हे लिहून घ्यावे, कारण ‘पॉइंट पन्नास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्र्यात मूळ पोलाद ०.४५ मिलिमीटर इतकेच असू शकते. गंजापासून संरक्षण करणारा लेप दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हा आकडा समुद्राजवळ जाडीइतकाच महत्त्वाचा असतो. ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्र लेपाच्या पत्र्यासाठी दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅमचा लेप मागावा. पत्र्यावरचा आयएसआय छाप आणि त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर पडताळता येतो, आणि जाडी कोणत्याही कारखान्यात मिळणाऱ्या स्क्रू गेजने दोन मिनिटांत मोजता येते.

सांगाड्याच्या नळ्यांत खरी बचत दडवली जाते. बाहेरून पन्नास मिलिमीटर चौकोनी दिसणारी नळी २ मिलिमीटर जाडीची असेल तर मीटरला तीन किलो भरते, १.६ मिलिमीटरची असेल तर जेमतेम अडीच किलो; बाजूने पाहणाऱ्याला फरक कळत नाही, पण लोखंड जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी झालेले असते आणि खाऱ्या हवेत आतून गंजायला लागल्यावर तीच नळी आधी जाते. यावर सोपा उपाय म्हणजे नळ्यांचा आकार, जाडी आणि एकूण वजन दरपत्रकात लिहून घेणे आणि माल उतरताना वजनकाट्याची पावती मागणे. नळ्यांची उघडी तोंडे वेल्डिंगने बंद करणे आणि वेल्डिंगच्या प्रत्येक जागी, जिथे उष्णतेने मूळ लेप जळालेला असतो, घासून जस्तयुक्त प्रायमर देणे ही कामे मजुरीत आहेत की नाहीत, हेही लिहिलेले असावे. पर्लिनमधले अंतर चार फुटांवरून पाच-साडेपाच फुटांवर नेले की एकदोन नळ्या वाचतात आणि दर आकर्षक होतो. अशा छपरावर चालताना पत्रा लवतो आणि वादळात तो फडफडून स्क्रूची भोके मोठी करतो. स्क्रू रबरी वायसरसह असावेत, ते पत्र्याच्या उंचवट्यावर बसवावेत म्हणजे भोकाशी पाणी साचत नाही, आणि मधल्या भागात एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू असला तरी वळचण, आढे आणि दोन्ही टोके येथे प्रत्येक उंचवट्यावर असावा. छपराच्या एकूण खर्चात या वाढीव स्क्रूंचा वाटा नगण्य असतो, तरीही तेच वगळले जातात, ही गोष्ट खेदाची आहे.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर आणखी एक कसोटी आपोआप मिळते. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते फोडल्यावर किंवा कोरडे कापल्यावर उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आणि कर्करोगकारक असते, आणि पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. जो कंत्राटदार ते पत्रे ओले करून, अखंड उतरवतो, वर चालण्यासाठी फळ्या टाकतो आणि कामगारांना कमरेचा पट्टा व दोर देतो, तो त्याच शिस्तीने जोडही करील, असे मानायला आधार आहे. कामगारांचा अपघात विमा आहे काय, ते महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेले आहेत काय, हे विचारणे घरमालकाचे कर्तव्य आहे; छपरावरून पडलेल्या माणसाच्या कुटुंबापुढे उभे राहण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

पैशांचा व्यवहार टप्प्यांनी बांधावा. काम ठरताना पाव हिश्शाच्या आसपास रक्कम, सांगाडा पूर्ण झाल्यावर पुढची, पत्रे बसल्यावर त्यापुढची आणि सुमारे दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवलेली, अशी विभागणी दोन्ही पक्षांना न्याय्य ठरते. यांतला सांगाड्याचा टप्पा सर्वांत मोलाचा आहे, कारण पत्रे चढण्याआधी प्रत्येक वेल्डिंग, प्रत्येक बोल्ट आणि भिंतीचा प्रत्येक जोड उघडा दिसतो. त्या दिवशी पाहणी करून छायाचित्रे घ्यावीत आणि मगच पत्रे चढवू द्यावेत. मोठ्या गाळ्याचे छप्पर असेल तर त्या पाहणीला स्थापत्य अभियंत्याला बोलावण्याचा खर्च वाजवीच ठरतो. पत्रे आणि नळ्या घरमालकाने दुकानातून स्वतःच्या नावाच्या पक्क्या बिलावर घेतल्या तर आगाऊ रकमेचा धोका कमी होतो आणि उत्पादकाची हमीही थेट त्याच्या नावे राहते. त्या हमीपत्रातली बारीक अक्षरे मात्र वाचावीत, कारण किनाऱ्यापासून ठरावीक अंतराच्या आत हमी लागू नसल्याचे कलम अनेक हमीपत्रांत असते.

कोकणात, आणि एकूणच महाराष्ट्राच्या खेड्यांत, या सगळ्याला आडवी येते ती भीड. कंत्राटदार गावचा, बहुधा नात्यातला किंवा देवळाच्या उत्सवात शेजारी उभा राहणारा असतो, आणि त्याच्याकडे लेखी करार मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे मानले जाते. ही समजूत सोडून दिली पाहिजे. साध्या कागदावर मालाचा तपशील, मोजणीची रीत, पैशांचे टप्पे, काम पूर्ण करण्याची तारीख आणि गळती दुरुस्तीचा कालावधी लिहून दोघांनी सह्या केल्या तर वाद होण्याची कारणेच उरत नाहीत. शिवाय काम चालू असताना घरमालकाने वाढवलेल्या मागण्यांपासून कंत्राटदाराचेही संरक्षण होते. स्थानिक माणसाचा मोठा लाभ असा की जूनच्या पहिल्या सरीत आढ्याशी पाणी झिरपू लागले तर तो हाकेच्या अंतरावर असतो. स्थानिक असणे म्हणजे कुशल असणे मात्र नव्हे; कौलांच्या कामात निष्णात असलेल्या सुताराला लोखंडी कैचीचे गणित ठाऊक असेलच असे नाही, आणि उत्तम ग्रिल बनवणारा वेल्डर छपराला हात घालण्यास योग्य ठरतोच असेही नाही.

वादळ होऊन गेल्यानंतरच्या दिवसांत या सर्व विचारांची कसोटी लागते. वीज नसते, रस्त्यांवर झाडे पडलेली असतात, पत्र्यांची टंचाई होते, भाव चढतात आणि डोक्यावर पाऊस असतो. अशा वेळी आगाऊ रक्कम घेऊन चार दिवसांत काम करून देण्याचे आश्वासन देणारी अनोळखी माणसे दारात येतात तेव्हा नाही म्हणणे कठीण जाते. त्या दिवसांत कायमचे छप्पर ठरवण्याची घाई न करता जाड ताडपत्री दोराने आणि लाकडी पट्ट्यांनी पक्की बांधून तात्पुरता निवारा करावा. कोणतीही मोडतोड हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, कारण तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, केलेल्या पंचनाम्यावरच सरकारी मदत अवलंबून असते आणि अंशतः नुकसानीसाठी घराचे किमान पंधरा टक्के नुकसान झालेले असावे लागते. घराचा विमा असेल तर सर्वेक्षक येईपर्यंत उडालेले पत्रेही जपून ठेवावेत. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते आणि तिच्यात वादळ व चक्रीवादळाने झालेले नुकसान धरलेले असते. पंचनाम्यात किंवा विम्याच्या दाव्यात नुकसान वाढवून दाखवण्याचे आमिष दाखवणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नये. जो सरकारला किंवा विमा कंपनीला फसवतो, तो घरमालकालाही फसवू शकतो.

एवढी काळजी घेऊनही फसगत झाली तर कायद्याचा आधार आहे. पैसे देऊन घेतलेले छपराचे काम ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या अर्थाने सेवा ठरते; दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सल्ला घेता येतो. आयोगापुढे मात्र टिकते ते लिहिलेलेच, म्हणजे दरपत्रक, सह्यांचा कागद, बँकेतून दिलेली रक्कम आणि सांगाड्याच्या वेळची छायाचित्रे; रोखीने आणि तोंडी केलेला व्यवहार सिद्ध करताना खरा माणूसही हतबल होतो.

या सर्वांसाठी लागणारा वेळ दिवाळी ते होळी या काळातच मिळतो. तेव्हा छपरे कोरडी असतात, कारागिरांवर घाई नसते, पत्र्याचे भाव स्थिर असतात आणि दोन-तीन दरपत्रके मागवून, जुनी कामे पाहून, सांगाड्याची पाहणी करून काम पूर्ण करता येते. अरबी समुद्रातली वादळे प्रामुख्याने मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. म्हणून किनाऱ्यावरच्या घरमालकांनी छपराच्या कडेचे स्क्रू आणि कैचीचे पाय एकदा तपासून घ्यावेत, आणि दुरुस्ती निघाली तर कंत्राटदार एप्रिलपूर्वीच ठरवावा.